कापूर पेटण्याआधी

जळगावच्या एका कॉलेजात, मागच्या अंगाला, सायकल स्टँडला चिकटून पत्र्याची एक खोली होती. तिच्यावरची पाटी मात्र खोलीपेक्षा मोठी: 'पुंजसिद्धांत व उपयोजन संशोधन गट'. झुलालने ती रंगवायला घेतली तेव्हा 'गट' या शब्दाला फळीवर जागाच उरली नाही, म्हणून तो बिचारा दाराच्या चौकटीवर उतरला. पण विद्यापीठाने मान्यता दिलेला गट होता बरं का, थट्टा नव्हे. माणसं मोजून तीन. प्रमुख नारखेडे सर, त्यांच्या हाताखाली असोद्याचा तोताराम, आणि काच फुंकून नळ्या करणारा झुलाल, जो आधी बाजारात कंदिलाच्या काचा विकायचा.

गावाला या तिघांची मोठी करमणूक होती. सर दिसले की पानटपरीवरून कोणीतरी ओरडायचं, "सर, पुंज किती झाला? दोन बैलगाड्या भरंल का?" सर तापट माणूस. सायकलवरून उतरून, स्टँड लावून, त्या टपरीवाल्याला पुंजसिद्धांत शिकवायला लागायचे. "अरे गाढवा, प्रकाश म्हणजे नळाचं पाणी नव्हे. ज्वारीचे दाणे आहेत. एकेक दाणा सुटा येतो आणि टक्कर देतो. तुझ्या टकुऱ्यात शिरत नाही कारण तिथे टक्कर द्यायला काही नाहीच." टपरीवाला पान लावता लावता हसायचा आणि सर तणतणत निघून जायचे.

पण सहा वर्षं खपून त्यांनी जे केलं होतं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. काचेच्या चिमुकल्या पट्टीवर शिसं आणि गंधक यांचा काळा पातळ थर. डोळ्यांना न दिसणारी निखाऱ्याची धग त्याच्यावर पडली, की थरातले इलेक्ट्रॉन सुटे व्हायचे, वीज वाहायची, काटा हलायचा आणि घंटा वाजायची. एकसष्ट पट्ट्या वाया गेल्या. बासष्टावी साधली, त्या दिवशी तोताराम आनंदाने रडला होता. पुस्तकातली समीकरणं अशी हाताला लागतात, घंटा होऊन वाजतात, हे त्याने तोवर कधी पाहिलंच नव्हतं.

आणि घंटा कशासाठी, तर कापसासाठी. खानदेशात जिन जळणं नवं नाही. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या रेच्यात एखादा खडा, एखादा खिळा जातो, ठिणगी उडते आणि रुईत जाऊन बसते. कापसाची आग चोर असते. आत धुमसत राहते, वरून सगळं पांढरंशुभ्र. कळतं तेव्हा खोली गेलेली असते आणि खोलीतली माणसंही. सरांच्या डोक्यात एकच होतं, हा चोर धूर निघायच्या आधी पकडायचा.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली विद्यापीठाचं पत्र आलं. या दिवाळीपर्यंत यंत्र कामाच्या जागी चालवून दाखवा, नाहीतर गट बंद. सरांनी धुळ्याच्या मोतीलालशेठचं जिन गाठलं. शेठ म्हणाले, "लावा की. पाडव्याला मुहूर्त आहे, सगळं गाव जमतं, तेव्हाच दाखवा. झाली तर करमणूकच होईल."

तोताराम आणि झुलाल पंधरा दिवस आधी धुळ्याला जाऊन राहिले. रुई जिथे पडते त्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीत, उंचावर, पत्र्याचं एक नरसाळं बसवलं आणि त्याच्या बुडाशी ती पट्टी. दाराबाहेर एक लाकडी पेटी ठेवली. तिच्यात काटा, लष्कराच्या भंगारातून आणलेले रेडिओचे व्हॉल्व्ह, घंटेचा खटका आणि काजळीचा रूळ. हा रूळ झुलालची हौस. घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा डबा, त्याच्यावर काजळी धरलेला कागद, आणि काटा हलला की त्याला बांधलेली बारीक तार काजळीत पांढरी रेघ ओढत जायची. नंतर कागद लाखेच्या पाण्यात बुडवला की रेघ कायमची. नाही बुडवला तर बोट लागलं तरी पुसली जायची.

रुईच्या खोलीत भिकुबाई काम करायची. रेच्याखाली पडणारी रुई कवेत घेऊन मागे सारायची, दिवसभर. तिचा नवरा याच कामावर, दुसऱ्या एका जिनात, जळून गेला होता. जिनातले सगळे यंत्राला हसत होते तेव्हा ही एकटी बाई रोज सकाळी बांबूला फडकं बांधून नरसाळ्यावरचा केर झाडायची. तिने त्याला नाव दिलं होतं, डोळा.

"भाऊ, हाऊ डोळा अंधारामा बी देखस का?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"अंधारातच जास्त पाहतो, अक्का. घंटा वाजली की हातातलं टाकायचं आणि पळायचं. मागे वळून पाहायचं नाही."

"पयसू ना बाप्पा. माले का मरानी हौस शे?" ती हसली. तिची पोर सुंदरा त्याच जिनात सरकी निवडायला होती. तिलाही बोलावून तिने ते सगळं ऐकवलं, दोनदा.

यंत्रात खोट एकच होती, आणि तीही गुणाची. ते कोणतीही आग पाहायचं. झुलालने दाराशी विडी पेटवली की घंटा वाजायची. म्हणून मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सरांनी तोतारामला बजावलं, "उद्या दारासमोर आरती आहे. निरांजन खांबाआड ठेवायला सांग, म्हणजे आतून दिसणार नाही. कापूर मात्र समोर ओवाळतील. कापूर पेटला की खटका पाडून घंटा बंद ठेव, विझला की खटका उचल. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. समजलं?"

"समजलं, सर."

न समजण्यासारखं होतं काय त्यात!

पाडव्याची सकाळ उजाडली. अंगणात रांगोळी, चौरंगावर देव, पहिल्या गाडीच्या बैलांना झुली. विद्यापीठाच्या समितीचे दोन गृहस्थ सरांसोबत पुढच्या खुर्च्यांवर. जिनाची एक रीत अशी, की मुहूर्ताचे रेचे एकदा सुरू झाले की आरती संपेपर्यंत थांबवायचे नाहीत. थांबले तर वर्ष खोटं जातं. त्यामुळे बाहेर सगळे हात जोडून उभे असले तरी आत रेचे धडधडत होते, रुई पडत होती, आणि ती सारायला भिकुबाई आत होती. नवं हिरवं लुगडं नेसून आली होती.

गुरुजींनी तबकात कापूर मांडला. काडेपेटी काढली. काडी सर्दावलेली, एक मोडली, दुसरी मोडली. आणि तेवढ्यात घंटा वाजली.

कशी वाजली म्हणता! अख्खं अंगण दचकलं. बैल बिथरले. मोतीलालशेठ वळून ओरडले, "ए मास्तर! देवाच्या आधी तुझीच आरती का रे?" दोन-अडीचशे माणसं खो खो हसली. विद्यापीठाचे एक गृहस्थही रुमाल तोंडाला लावून हसले. तोतारामच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. त्याने पुढचा-मागचा विचार न करता खटका पाडला आणि घंटा गप्प झाली.

मग त्याने गुरुजींकडे पाहिलं. तबकातला कापूर पांढराच होता. तिसरी काडी अजून पेटायची होती. निरांजन खांबाआड, त्याने स्वतः ठेवलेलं. त्याने पेटीत पाहिलं. काटा खाली आला नव्हता.

एका श्वासात त्याला सगळं कळलं. खोटं कशाला बोला, कळलं.

त्याच वेळी दारात भिकुबाई आली. कवेत रुई तशीच होती, म्हणजे धावतच आली असणार. तिने हनुवटी वर करून विचारलं, काय झालं? समोर देव, शेठ, समिती, अडीचशे माणसं, आणि कापूर आता कुठे पेटत होता. तोतारामचा हात वर गेला. काही नाही, जा. ती हसली, आणि आत गेली.

आरती सुरू झाली. तोताराम टाळ्या वाजवत होता. आरती मध्ये मोडायची नसते, हे असोद्यातल्या पोराला बाळकडूतच मिळतं. शिवाय मनात दुसरं भूतही होतं. काटाच अडकला असेल तर? पुन्हा घंटा वाजवली आणि आत काही नसलं तर? समिती उठून जाईल, सहा वर्षांवर पाणी पडेल, सर पुन्हा कुणाला तोंड दाखवणार नाहीत. ही एक आरती होऊ दे, मग आत जाऊन पाहतो. एक झाली. लोकांनी दुसरी धरली. काटा थोडा वर चढला. तिसरी धरली. अरे, संपवा ना, संपवा ना आता, असं तो मनात ओरडत होता आणि हात ठेका धरत होते. चौथी आरती अर्ध्यावर आली तेव्हा आतून 'भप्प' असा आवाज झाला आणि दारातून आग अंगणात आली.

भिकुबाईला बाहेर काढलं ते झुलालने. स्वतःचे दोन्ही हात भाजून घेतले.

ती तीन दिवस जगली. दुसऱ्या दिवशी तोताराम दवाखान्यात गेला. जायचं धैर्य नव्हतं, पण न जायचंही नव्हतं. सुंदरा उशाशी बसून केळीच्या पानाने वारा घालत होती. भिकुबाईने त्याला आवाजावरून ओळखलं.

"भाऊ, घंटी वाजनी व्हती ना?"

"हो अक्का."

"मी पयनू. तू हात करा म्हनीसनी परत फिरनू." ती रागाने बोलत नव्हती. हिशेब जुळवल्यासारखी बोलत होती. पुढे म्हणाली, "घंटी खरी बोलनी ना? कापूरनी नव्हती ना ती?"

तोतारामला वाटलं, जमीन दुभंगावी. "खरी बोलली अक्का. चूक माझी झाली. माझी."

"ते जाऊ दे." तिने मान भिंतीकडे वळवली. तोतारामला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "मंग बठ्ठासले सांग, साऱ्या लोकेसले. डोळा खरा शे म्हनीसनी सांग. तठे परत लाव. मनी सुंदरा आते त्याच खोलीमा जाई, दुसरं काम कोन दी तिले? सांगशी ना?"

"सांगीन."

"देख, सुंदरा," ती पोरीला म्हणाली, "भाऊ सांगी."

ती गेली त्यानंतर आठ दिवसांनी समितीचं पत्र आलं. अगदी सज्जन पत्र. झालेल्या दुर्घटनेबद्दल दुःख, आणि एकच प्रश्न. आग दिसण्यापूर्वी यंत्राने सूचना दिली होती का? घंटा वाजल्याचं सर्वांनी ऐकलं आहे, परंतु ती आरतीच्या ज्योतीमुळे वाजली असं सर्वांचं म्हणणं आहे. वेगळा पुरावा असल्यास सोबत जोडावा, गटाच्या भवितव्याचा निर्णय त्यावर होईल.

तोताराम सकाळी खोलीत आला तेव्हा सर टेबलाशी बसले होते. समोर काजळीचा रूळ. धुळ्याहून पेटी परत आली, तिच्यात हा सुखरूप राहिला होता. झुलालचे हात बांधलेले, त्यामुळे लाख चढवायची राहून गेली होती. सर आठ दिवसांत म्हातारे झाले होते. तापटपणा कुठल्या कुठे गेला होता, आणि तेच तोतारामला सोसेना.

"ये. वाच हे," ते म्हणाले आणि पेन्सिलीचं टोक कागदाच्या जरासं वर धरलं. "इथे रेघ सपाट आहे. इथे ती चढली. घंटा वाजली ती ही. आणि इथे बघ, या चढावावर हा दुसरा बारका उंचवटा, थरथरणारा. हा काय आहे?"

"कापूर, सर."

"किती नंतर?"

"अर्धा मिनिट." तोतारामने पुन्हा अंतर मोजलं. "थोडं जास्तच."

"थोडं जास्तच," सर म्हणाले. "आणि त्यानंतर आग दिसेपर्यंत अकरा मिनिटं. अकरा मिनिटं आधी सांगितलं रे तिने! आपल्या पट्टीने!" त्यांचा आवाज फुटला. आयुष्यात असा आनंद करायला मिळावा आणि तो असा मिळावा, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "हा कागद गेला तर गट राहतो. गट काय, प्रत्येक जिनात यंत्र लागेल. पण कोर्टात वकील पहिला प्रश्न विचारील की घंटा खरी होती तर बंद कोणी केली. मनुष्यवध म्हणतील, हलगर्जीपणा म्हणतील, काय म्हणतील ते म्हणतील. तू तुरुंगात जाशील. तुझ्या आईचं दुसरं कोणी नाही, मला माहीत आहे."

तोताराम त्या रेघेकडेच पाहत होता.

"मी तुला सांगणार नाही काय करायचं. मला तो अधिकार नाही. तुला खटक्याशी उभा करून मी स्वतः खुर्चीवर बसलो होतो." सर उठले, खडू घेतला. "माझा दुसरा तास आहे. परत येईन तेव्हा टेबलावर जे असेल ते समितीला पाठवीन. झुलालला लाख घेऊन यायला सांगितलंय."

ते गेले. व्हरांड्यातून त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला.

तोताराम त्या कागदापुढे बसला. किती सुंदर रेघ होती ती! सहा वर्षं, एकसष्ट फुकट गेलेल्या पट्ट्या, सरांच्या शिव्या, झुलालच्या फुगलेल्या गालांच्या नळ्या, सगळं तिच्यात होतं. आणि भिकुबाईही होती. ज्या क्षणी ती दारात आली तो क्षण कोणता, हेही त्याला बोट ठेवून दाखवता आलं असतं. त्याने आईचा विचार केला. पोलिसांचा केला. असोद्याच्या पारावर काय बोलतील त्याचा केला. भिकुबाईला दिलेला शब्द आठवला, आणि तो म्हणाला, अगदी मोठ्याने म्हणाला, "सांगतो, अक्का. सांगतो."

आणि म्हणता म्हणता त्याने अंगठा कागदावर ठेवला. पहिल्यांदा फक्त कापराचा उंचवटा गेला. मग त्याने तळहात टेकला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला.

झुलाल आधी आला. बांधलेल्या दोन हातांत लाखेची बरणी कशीबशी धरलेली. कागद पाहून तो चक्रावला. "काय रे भाऊ, याले लाख कशाले? याच्यावर तं काहीच नाही."

सर दारात उभे होते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग तोतारामच्या हाताकडे. "राहू दे, झुलाल," ते म्हणाले. खुर्चीवर बसले, दौत जवळ ओढली आणि एका दमात लिहिलं, 'यंत्राने आगीची पूर्वसूचना दिल्याचा पुरावा उपलब्ध नाही.' खाली सही केली. मग तोतारामला म्हणाले, "तुझीही सही लागेल. आधी हात धुऊन ये."

माघात गट बंद झाला. पाटी काढली, तेव्हा चौकटीवरचं 'गट' तेवढं राहून गेलं. खोलीत आता सायकलींचे पंप ठेवतात. सर पहिल्या वर्षाला उष्णता आणि ध्वनी शिकवायचे, बाकी बोलणं बंद. टपरीवरून कोणी "पुंज किती झाला?" विचारलं तर सायकल थांबवायचे नाहीत. मग लोकांनीही विचारायचं सोडलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर कॉलेजच्या सामानाची तपासणी झाली. पत्र्याचं नरसाळं, नग एक, धुळे. ते परत आणा, असा तपासणीच्या साहेबांचा हुकूम सुटला आणि तोतारामला धुळ्याला जावं लागलं.

रुईची खोली नव्याने बांधली होती, पण दगडी भिंत जुनीच. नरसाळं तिथेच होतं, उंचावर. पट्टी आगीत तडकून केव्हाच गळून पडली होती, तारा तुटल्या होत्या. पत्रा मात्र घासून लख्ख केलेला, त्याच्यावर हळदीकुंकवाची बोटं, आणि खाली भिंतीला टेकवलेला फडकं बांधलेला बांबू. सुंदरा रुई सारत होती. तिने त्याला ओळखलं. पदर सावरून दाराशी आली, तो उभा होता तिथे.

"भाऊ, तुमी? डोळा देखाले उनात का?" तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की त्याला मान वर करवेना. "मी रोज झाडस. मायनी सांगेल व्हतं. बठ्ठ्या बाया भ्यातीस आठे काम कराले, मी नई भ्यास." मग वर पाहत तिने विचारलं, "चालू शे ना भाऊ? घंटी वाजी ना?"

शिडी भिंतीला लावलेली होती. वर चढून चार खिळे काढायचे, एवढंच काम. सुंदराच्या मागे रेचे धडधडत होते आणि पांढरी रुई पडत होती. तोतारामने शिडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा हात वर गेला. वर्षापूर्वी गेला होता तसाच.

ती हसली आणि आत गेली.

जळगावला येऊन त्याने यादीत नरसाळ्यापुढे लिहिलं, 'आगीत नष्ट'.